सिटी, शहर, नगर : एका शब्दाची नातीगोती

‘सिटी’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगा आणि त्याचे समानार्थी शब्द लिहा. दोन गुणांचा हा प्रश्न आहे. मुले शहर, नगर, पूर असे तीन शब्द लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे हाच प्रश्न माझ्यासमोर एकाच दिवशी दोनदा येतो आणि दोन्ही तासांना मनात तीच शंका येते. हे शब्द खरोखरच समानार्थी आहेत काय?

समानार्थी शब्द पूर्णपणे समान कधीच नसतात. पाणी आणि जल यांचा अर्थ कोशात एकच दिलेला असतो. पण तहान लागली म्हणून कोणी जल मागत नाही. प्रत्येक शब्द कुठून तरी आलेला असतो आणि येताना आपल्या घरच्या आठवणी घेऊन आलेला असतो. ‘सिटी’च्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव गेल्या काही वर्षांत ज्या रीतीने चर्चेत आले, ते पाहता या शब्दांची नातीगोती एकदा नीट समजून घ्यावीत असे वाटते.

आधी इंग्रजीकडे पाहू. ‘सिटी’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘सिविटास’ या शब्दापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. गंमत अशी की लॅटिनमध्ये घरे, रस्ते, तटबंदी या अर्थाने शहरासाठी ‘उर्ब्स’ हा वेगळा शब्द होता. ‘सिविटास’ म्हणजे विटा आणि दगड नव्हेत. ‘सिविस’ म्हणजे नागरिक आणि अशा नागरिकांचा समुदाय म्हणजे ‘सिविटास’. म्हणजे मुळात ‘सिटी’ हे माणसांचे नाव आहे, जागेला ते नंतर चिकटले. याउलट ‘टाऊन’ या शब्दाचे मूळ कुंपणात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ कुंपण घातलेली जागा असा होता. त्याचा जर्मन भाऊबंद ‘त्साऊन’ आजही कुंपण या अर्थानेच वापरला जातो. आपल्या ‘वाडी’ची गोष्टही अशीच आहे. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपणाने वेढलेली जागा. त्यातून वाडा आला, वाडी आली. सातासमुद्रापलीकडचा शेतकरी आणि आपला शेतकरी या दोघांनीही वस्तीची पहिली खूण म्हणून कुंपणच पाहिले.

‘पूर’ किंवा ‘पुर’ हा तर फार जुना शब्द. वैदिक संस्कृतात ‘पुर्’ म्हणजे तटबंदीची जागा, किल्ला. ग्रीक भाषेतला ‘पोलिस’, म्हणजे नगरराज्य, हा त्याचाच नातलग. पोलीस ठाण्यातल्या पोलिसाचे नावही त्याच ग्रीक घरातून आले आहे. कुंपण, तटबंदी, माणसांचा समुदाय अशा तीन वेगळ्या कल्पना या शब्दांत दडलेल्या आहेत.

आता ‘शहर’ घेऊ. हा शब्द फारसी आहे हे आपल्याला माहीत असते. त्यामुळे काहींना तो ‘आपला’ वाटतो, तर काहींना ‘परका’. पण थोडे मागे गेले की हा हिशेब बिघडतो. प्राचीन फारसीत या शब्दाचे रूप ‘ख्शस्स’ असे काहीसे होते आणि त्याचा अर्थ राज्य, सत्ता असा होता. भाषाशास्त्रज्ञांच्या मते संस्कृतातला ‘क्षत्र’ हा त्याचा सख्खा चुलतभाऊ. ज्या ‘क्षत्र’पासून क्षत्रिय शब्द झाला, त्याच कुळातून फिरत फिरत ‘शहर’ झाले. ‘शहा’ म्हणजे राजा, हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे ‘शहर’ला परका म्हणून वेशीबाहेर काढायला निघालेल्या माणसाला वाटेत क्षत्रियांचा आजोबा भेटतो!

अरबीतला शब्द आहे ‘मदीना’. मुळात यसरिब नावाचे गाव होते. इसवी सन ६२२ मध्ये हिजरत करून पैगंबर साहेब तेथे आले आणि ते ‘मदीनतुन्नबी’, म्हणजे नबींचे शहर झाले. पुढे बोलण्यात फक्त ‘मदीना’ उरले, म्हणजे नुसते ‘शहर’. अभ्यासक या शब्दाचे मूळ आरामी भाषेत दाखवतात. तेथे त्याचा अर्थ न्यायाचा अधिकार जिथवर चालतो तो प्रदेश असा आहे. हा अर्थ मला फार मोलाचा वाटतो. मदीनेत आल्यावर जो करार झाला, त्याला उर्दूत मीसाक-ए-मदीना म्हणतात. त्यात मुसलमान होते, यहुदी टोळ्याही होत्या. प्रत्येकाने आपापला धर्म पाळावा आणि शहराच्या रक्षणाची जबाबदारी मिळून घ्यावी, असे त्याचे सार आहे. शहर म्हणजे तटबंदी नव्हे, एकत्र राहण्याचा करार. लॅटिनमधल्या ‘सिविटास’चा अर्थ अरबस्तानात प्रत्यक्ष व्यवहारात आलेला येथे दिसतो.

‘आबाद’ हा फारसी शब्द म्हणजे वस्ती असलेले, भरभराटीला आलेले. मराठीत ‘आबादीआबाद’ म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. गुजरातच्या सुलतान अहमदशहाने १४११ मध्ये अहमदाबाद वसवले. त्याच अहमदशहाने पुढे १४२६ मध्ये हातमती नदीच्या काठी आणखी एक ठाणे वसवले. त्याचे नाव अहमदनगर! एकाच राजाने एकदा ‘आबाद’ लावले, एकदा ‘नगर’ लावले. त्याच्या दृष्टीने हे दोन्ही शब्द समानार्थीच होते. गुजरातमधले हे अहमदनगर आज हिंमतनगर म्हणून ओळखले जाते. ईडर संस्थानच्या राजाने १९१२ मध्ये आपल्या मुलाच्या नावावरून ते बदलले. तेथेही पहिला भाग बदलला, ‘नगर’ मात्र तसेच राहिले.

आता आपल्या नगरकडे येऊ. मलिक अहमद हा बहामनी राज्याचा सरदार. १४९० मध्ये भिंगारजवळ त्याने बहामनी फौजेचा पराभव केला आणि जुन्नरहून स्वतंत्र कारभार सुरू केला. तोच अहमद निजामशहा. पुढे १४९४ मध्ये सीना नदीच्या डाव्या काठावर, भिंगारच्या शेजारी, त्याने नवी राजधानी वसवायला घेतली. दोनच वर्षांत ती बगदाद आणि कैरोची बरोबरी करू लागली, असे कौतुक जुन्या इतिहासात आढळते. कौतुकातली अतिशयोक्ती सोडून देऊ. पण नावाकडे पाहा. राजा मुसलमान, दरबाराची भाषा फारसी, हाताशी ‘आबाद’ आणि ‘शहर’ हे शब्द तयार. तरी राजधानीचे नाव ठेवले अहमदनगर.

यामागे त्याच्या मनात काय होते हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण हा माणूस या मातीला परका नव्हता. फरिश्ता हा इतिहासकार लहानपणी याच शहरात वाढला. त्याने लिहिले आहे की अहमदचे वडील मलिक हसन हे मूळचे ब्राह्मण कुटुंबातले होते आणि पाथरीच्या कुलकर्णी घराण्याशी या वंशाचे नाते होते. ‘नगर’ हा शब्द अशा घराच्या कानाला नवा असण्याचे कारण नव्हते.

शिवाय दख्खनमध्ये अशी नावे ठेवण्याची रीतच होती. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने नवी नगरी वसवली, तिचे नाव ठेवले नवरसपूर. साहित्यातले नवरस आणि संस्कृतातले ‘पूर’. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ मध्ये तिचे नाव फतेहनगर केले, म्हणजे पुन्हा ‘नगर’च. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत त्याचे औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. गोवळकोंड्याच्या कुतुबशहाने वसवलेल्या हैदराबादला मराठी कागदपत्रांत सर्रास भागानगर म्हटले जाई. ‘नगर’ हिंदूंचे आणि ‘आबाद’ मुसलमानांचे, अशी वाटणी निदान या दख्खनने तरी केलेली नव्हती.

नावांचे हे मिश्रण फक्त गावांपुरते नव्हते. मालोजीराजे भोसले यांनी नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, ही परंपरा मराठी माणूस पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. ‘शहा’ फारसी, ‘जी’ आपला. अहमद अरबी, ‘नगर’ संस्कृत. दोन्ही नावे एकाच पद्धतीने घडलेली आहेत आणि त्यातल्या एकाशिवाय महाराष्ट्राचा इतिहासच सांगता येत नाही.

आता गंमत पाहा. मुसलमान राजाने राजधानीच्या नावात ‘नगर’ हा संस्कृत शब्द घातला. आणि खेड्यातला मराठी माणूस, मग तो कोणत्याही जातीधर्माचा असो, बाजाराला निघताना ‘शहरात जातो’ म्हणतो. म्हणजे बोलताना फारसी शब्द वापरतो. शब्दांना धर्म चिकटवायचा म्हटले तर येथे दोघांचीही फजिती होते.

शब्दांची निवड कधीच राजकारणापासून दूर नव्हती, हेही खरे. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश तयार करून घेतला. कारभारातल्या तेराशेहून अधिक शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. स्वतःचे राज्य उभारणाऱ्या राजाने स्वतःची राजभाषा घडवावी, हे समजण्यासारखे आहे. पण पुढेही मराठी कारभारात जिल्हा, तालुका, तहसील, मौजे, कसबा, हद्द हे शब्द चालतच राहिले आणि आजही तलाठ्याच्या दप्तरात ते आहेत. कवी माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि मराठीच्या शुद्धीचे कट्टर पुरस्कर्तेही झाले. पण १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश त्यांनीच दिला. आपल्या घरात कोणते शब्द कुठून आले हे माहीत असणे आणि त्यांना घराबाहेर काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विद्या आहे. दुसरी करायला गेले तर बोलणेच बंद पडेल.

हे पाहायला ग्रंथालयात जायचीही गरज नाही. नगरमधून एक चक्कर मारली तरी ‘सिटी’चे सगळे समानार्थी शब्द भेटतात. माळीवाड्यात वाडा आहे. सर्जेपुरा आणि हातमपुऱ्यात पुरा आहे. नालेगावात गाव आहे. झेंडीगेटमध्ये इंग्रजी दरवाजा आहे. तोफखान्यात फारसी ‘खाना’ आहे. भिंगारला छावणी आहे. आणि मुकुंदनगरमध्ये मुकुंद आहे, म्हणजे श्रीकृष्ण. तेथे बहुसंख्य वस्ती मुसलमानांची. पत्ता सांगताना मुकुंदाचे नाव दिवसातून दहादा घेतले जाते आणि त्यात कोणालाही काही वेगळे वाटत नाही. जिल्ह्यात आणखी पुढे गेले की लोणी खुर्द आणि लोणी बुद्रुक लागतात. फारसीत ‘खुर्द’ म्हणजे लहान, ‘बुजुर्ग’ म्हणजे थोरला. या बुजुर्गाचे मराठीने बुद्रुक केले आणि महाराष्ट्रभर गावोगावी बसवले. गावापासून दूर शेतात घरे बांधून राहिले की आपल्याकडे ‘वस्तीवर राहतो’ म्हणतात. तीच उर्दूतली ‘बस्ती’, आणि दोघींची आई संस्कृतातली ‘वसति’.

आणि खुद्द जिल्ह्याच्या ठिकाणाला आपण काय म्हणत आलो? श्रीगोंद्याचा असो, पाथर्डीचा असो, संगमनेरचा असो, बोलताना अख्खे ‘अहमदनगर’ कोण म्हणत होते? एसटीत बसताना मागायचे ते नगरचे तिकीट. दख्खनी बोलणारी आमची म्हातारी माणसेही ‘नगर कू गये थे’ असेच म्हणायची. यसरिबचे जसे नुसते मदीना झाले, तसे अहमदनगरचे नुसते नगर झाले. आपल्या भागातल्या माणसाला हे एकच नगर पुरेसे होते. नगर म्हटले की दुसरे कुठले, असा प्रश्न पडतच नसे.

२०२३ च्या ३१ मे रोजी, अहिल्याबाई होळकरांच्या जयंतीला, जामखेड तालुक्यातल्या चौंडी येथे नामांतराची घोषणा झाली. २०२४ च्या मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्याला मान्यता दिली आणि त्याच वर्षी अहिल्यानगर हे नाव अधिकृत झाले. अहिल्याबाईंचा जन्म १७२५ मध्ये याच चौंडीत झाला. महेश्वरहून त्यांनी जवळपास तीन दशके राज्य चालवले आणि देशभर घाट, मंदिरे, विहिरी बांधल्या. जिल्ह्याच्या या लेकीचा अभिमान कोणाला नसेल? तिचा आदर करायला आमची मुले कोणापेक्षाही मागे राहू नयेत, असे मी वर्गात स्पष्ट सांगतो.

पण माझ्या वर्गातल्या मुलांच्या मनात दुसराच प्रश्न असतो आणि तो दडपून ठेवण्यात अर्थ नाही. एका मुलीने विचारले, “सर, नाव बदलले म्हणजे अहमद निजामशहाने शहर वसवलेच नव्हते, असे लिहायचे का?” पालकही विचारतात. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मस्थळ अहमदनगर, मुलाच्या कागदावर अहिल्यानगर. दोघे एकाच घरात जन्मलेले. आपल्या समाजात कागदाची धास्ती आजकाल फार आहे, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. त्या मुलीला मी सांगितले की पाटी आजचे नाव सांगते आणि इतिहास त्या त्या वेळचे. १४९४ चा प्रसंग लिहिताना अहमदनगर लिहायचे, आजचा पत्ता लिहिताना अहिल्यानगर. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद ही नावे जशी ओळीने सांगता येतात, तशीच ही दोन सांगायची. दोन्ही खरी आहेत. त्यातले एक पुसले की दुसऱ्याचाही अर्थ कमी होतो, कारण मग हे शहर कोणी आणि कधी वसवले, याला उत्तरच उरत नाही.

दुःख होतच नाही, असे मी म्हणणार नाही. पाचशे वर्षांहून अधिक काळ तोंडात असलेले नाव जाते तेव्हा वाईट वाटणारच, आणि तसे वाटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण त्या दुःखात एक गोष्ट विसरू नये. दोन्ही नावांत जो शब्द तसाच राहिला, तो ‘नगर’. सहाव्या शतकात पदार्पण केलेल्या या शहराच्या नावात हा शब्द अहमद निजामशहाने घातला आणि नव्या नावानेही तोच पुढे चालवला. त्याची एवढी निशाणी रोज सगळ्यांच्या तोंडी आहे, मग घेणाऱ्याला ते ठाऊक असो वा नसो.

आता या शब्दांतून निघालेला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा शब्द. इंग्रजीत ‘सिटी’पासून ‘सिटिझन’ झाला. मराठीत ‘नगर’पासून ‘नागरिक’ झाला. उर्दूत ‘शहर’पासून ‘शहरी’ झाला. मराठीत शहरी म्हणजे शहरात राहणारा, खेडवळ नसलेला. पण उर्दूत ‘शहरी’ म्हणजे नागरिक आणि ‘शहरियत’ म्हणजे नागरिकत्व. नागरिकशास्त्राला आम्ही उर्दूत इल्म-ए-शहरियत म्हणतो. मुले मराठीच्या तासाला ‘शहरी’चा विरुद्धार्थी शब्द ग्रामीण असा लिहितात. तोच शब्द उर्दूच्या तासाला आला की अर्थ बदलतो, आणि वस्तीवर राहणारा शेतमजूरही त्या अर्थाने पक्का शहरी ठरतो.

तीन भाषा, तीन वेगळे शब्द. तरीही तिन्हींनी हक्काच्या माणसाचे नाव शहराच्या नावावरूनच घडवले. कुंपणावरून नाही, किल्ल्यावरून नाही, राजाच्या नावावरून तर नाहीच. कोणी अहमदनगरीया किंवा अहिल्यानगरीया म्हणून मतदान करत नाही. मतदान करतो तो नागरिक. पाणीपट्टी भरतो तो नागरिक, गटार तुंबले तर महानगरपालिकेत जाऊन जाब विचारतो तोही नागरिक. लॅटिनचा तो जुना अर्थ येथे पुन्हा उपयोगी पडतो. माणसे आधी, जागा नंतर, आणि जागेचे नाव त्याच्याही नंतर.

म्हणून ‘सिटी’चे समानार्थी शब्द शिकवताना आता मी मुलांना तीन शब्दांवर थांबू देत नाही. त्यांच्या शेजारी आणखी तीन लिहायला लावतो : सिटिझन, नागरिक, शहरी. पहिल्या ओळीतली नावे सरकारे बदलतात, राजे बदलतात, आजवर बदलत आली आहेत. दुसऱ्या ओळीतला शब्द मात्र आपल्या वागण्याने टिकतो. तो हक्काने सांगावा, आणि शेजाऱ्यालाही तितक्याच हक्काने सांगू द्यावा.